मुंगसाची मुलाखत

जागृतीची मुलाखत साडेदहाला अलिबागच्या एका इंग्रजी शाळेत होती, आणि सव्वादहाला तिचे वडील तुळशीराम थळच्या रस्त्यावर एका बंगल्याच्या कुंपणासमोर हात जोडून उभे होते. स्कूटरला मुंगूस आडवं गेलं होतं. शकुन चांगलाच, पण ते तोंड न दाखवताच कुंपणात शिरलं होतं.

"बाबा, चला ना! उशीर व्हतोय."

"तोंड बघितल्याबिगर न्हाय जायाचं. अर्धा शकुन काय कामाचा? मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ हाय!"

मुंगूस शपथेला बधेना. चोर समजून बंगल्याचा राखणदार गुणाजी काठी घेऊन धावला. कारण कळताच काठी टाकून त्यानेही हात जोडले. त्याच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. बाजाराला निघालेल्या रंगू कोळणीने पाटीतला एक बांगडा कुंपणाशी धरला. मुंगूस झेपावलं, रंगू दचकली आणि अख्खी पाटी जागृतीच्या नव्या साडीवर कलंडली.

"दिसलं! तोंड दिसलं!" तुळशीराम नाचले. "नोकरी पक्की!"

शाळेत पोचेपर्यंत अकरा वाजले. मुख्याध्यापिका वर्तक मॅडमचा कायदा कडक होता. आवारात मराठी शब्द निघाला की उमेदवार बाद. त्या सकाळी दोन उमेदवार तसेच घरी गेले होते.

"उशिराचं कारण?" नाकाला रुमाल लावून मॅडमनी इंग्रजीत विचारलं.

"मॉन्गूस, मॅडम."

"इंग्रजी शिकवणार ना? मग हा शब्द मुळात कुठला, तेवढं सांगा."

"लॅटिन?" जागृती चाचरली.

मॅडमनी हसत जाडजूड शब्दकोश उघडला. हसू हळूहळू मावळलं, रुमालही खाली आला. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. बोटाखाली लिहिलं होतं, मूळ मराठी.

जागृतीने ती ओळ पुन्हा वाचली. कधीकाळी कुणी परदेशी माणूस अशाच एखाद्या रस्त्यावर थबकला असेल. हे काय, म्हणून त्याने विचारलं असेल, आणि बाबांसारख्याच कुणीतरी नाव सांगितलं असेल. तेवढा एक शब्द गलबतात बसून सातासमुद्रापार गेला, साहेबाच्या पोथीत मानाने जाऊन बसला, आणि इथे कुणाला त्याचा पत्ता नाही! काय म्हणावं याला?

मग तिला कायदा आठवला. तिने फाईल उचलली.

"मॅडम, म्हणजे मी इथे मराठी बोलले," ती इंग्रजीत म्हणाली. "निघू मी?"

मॅडमनी शब्दकोश मिटला.

"बसा," त्या म्हणाल्या. मराठीत.