एकाच बाजूचे अंगठे

हातमोज्याला अंगठा सगळ्यात शेवटी बसतो. तो कुठल्या बाजूला शिवला, त्यावरून मोजा डाव्या हाताचा की उजव्या, हे ठरतं. तोवर मोज्याला बाजूच नसते. पगारवाढीचा विषय निघाला की कारखान्याच्या मालकांचंही तसंच व्हायचं.

वहिनी शिलाई विभाग सांभाळायच्या. मालक त्यांचे धाकटे दीर. पगारवाढीचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलं होतं, आणि आता विभागातली सगळ्यात चपळ बाई, जिला सगळे वाघीण म्हणत, समोरच्या कारखान्यात निघाली होती.

"शनिवारपर्यंत वाट बघते, वहिनी. पुढं तुम्ही आणि तुमचे दीर बसा शिवत."

वहिनी तडक मालकांकडे गेल्या. ते देशोदेशींच्या कारखान्यांची तुलना वाचत होते.

"हे बघा वहिनी. परदेशातली बाई तासाला वीस शिवते, आपली दहा जोड्यांवर थकते. म्हणून तिकडे पगार दुप्पट. आधी वीस करून दाखवा, मग बोला."

वहिनींनी ही अट विभागात सांगितली, आणि शनिवारी सकाळी वाघिणीने डोकं चालवलं. डावा, उजवा, डावा, उजवा करताना हात अडखळतो. तेव्हा आपल्या रांगेने नुसते डावे शिवायचे, पलीकडच्या रांगेने उजवे. पलीकडच्या रांगेला हे सांगायचं मात्र राहिलं. ती रांग नेहमीसारखी वाघिणीचं बघून शिवत होती.

संध्याकाळी मालक स्वतः मोजायला बसले. जोड्या अजून लागल्या नव्हत्या, म्हणून सुटेच मोजले. माणशी तासाला वीस! त्यांनी ढिगातले दोन मोजे हातांत चढवले. "काढा फोटो. पाठवा तिकडच्या मॅनेजरला. म्हणावं, आम्हीही वीस."

वहिनींनी पाठवला. मग त्यांना काहीतरी खटकलं. "भावोजी, तुमचे दोन्ही अंगठे एकाच दिशेला कसे?"

तेवढ्यात फोन वाजला. मोज्यांमुळे मालकांना तो धरता येईना, म्हणून वहिनींनी त्यांच्या कानाला लावला.

"काय म्हणतात?"

"विचारतात, तुमच्याकडे आज उजव्या हातांना सुट्टी आहे का."

"आणि त्यांचे वीस?"

मालकांनी फोनवर विचारलं, ऐकलं. "सुटे. ते जोड्या मोजत नाहीत."

"म्हणजे दहाच जोड्या. आपल्या बायका रोज करतात तेवढ्याच."

"तसं दिसतंय खरं."

"आणि पगार?"

मालक मोजे काढू लागले. डाव्या हातातला निघाला. उजव्या हातातला डावा मोजा मात्र अंगठ्याशी घट्ट अडकला.

वाघीण पिशवी घेऊन दारात उभी होती. "ओढू का, साहेब?"

"ओढ बाई."

तिने मोज्याची बोटं पकडली आणि तशीच उभी राहिली. "हे सगळे उजवे सोमवारी कोण शिवणार, साहेब? मी तर समोर असेन."

मालकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी छताकडे बघत होत्या.

"बघू," मालक म्हणाले.

वाघिणीने बोटं सोडली.

"दुप्पट," मालक म्हणाले. "सोमवारपासून सगळ्यांना पगार दुप्पट. आता ओढ."