रेवणअप्पांचा लष्करी कायदा

इंग्रज सरकारने सोलापुरातला तीस सालचा लष्करी कायदा उठवला, तरी आमच्या शुक्रवार पेठेत तो चालूच होता. चालवणारे होते माझ्या समोरच्या घरातले टोपीवाले रेवणअप्पा, आणि पाळणारेही ते एकटेच.

दिवेलागणीला अप्पा घरात म्हणजे घरात. पेठेत लग्न असो, मयत असो, दारात गिऱ्हाईक उभे असो. मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला की दुकानाच्या फळ्या लागायच्या आणि धोतराचा सोगा हातात धरून अप्पा घराकडे सुटायचे. वाटेत पोलीस चौकी आली की डोक्यावरची टोपी काढून खिशात. कायद्याच्या दिवसांत पांढऱ्या गांधी टोपीला बंदी होती हे खरे. पण अप्पांची टोपी काळी होती. हे मी एकदा त्यांच्या लक्षात आणून दिले.

"शिपायाला लांबून काय दिसतंय, मास्तर? टोपी हाय, एवढंच दिसतंय. हुकूम म्हंजे हुकूम!"

"पण अप्पा, कायदा उठला ना?"

"उठला असंल. शिपाई बसलाय की अजून तितंच."

मी शाळेत मास्तर, तोही बी.ए. झालेला. मी सांगोल्याकडच्या मेंढपाळाचा मुलगा. माझ्याआधी आमच्या घरात कोणी सहीसुद्धा केलेली नव्हती. पदवी घ्यायला निघालो त्या दिवशी अप्पांनी दुकानातली सगळ्यांत चांगली टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "सायबाफुडं बोडक्यानं जाऊ न्हाई." त्यामुळे त्यांच्याविषयी हसून लिहिताना हात जरा अवघडतो. पण अप्पा होतेच तसे. आणि आता ते नाहीत, त्यांच्या पत्नी अक्काही नाहीत, म्हणून लिहितो.

पांढऱ्या टोपीला बंदी आली तेव्हा अप्पांनी दुकानातला सगळा माल काळ्या रंगात बुडवून काढला. रंग कच्चा होता आणि ऊन सोलापूरचे. शहरातली प्रतिष्ठित मंडळी कपाळावर काळे ओघळ घेऊन हिंडू लागली. एक रावसाहेब तणतणत दुकानात आले, तर अप्पा हात जोडून म्हणाले, "रंग गेला तर जाऊ द्या, रावसाहेब. राजनिष्ठा दिसली का न्हाई?"

त्यातलीच एक टोपी नीट रंगली नाही. ती दारात वाळत घातलेली पाहून शिपायांनी अप्पांना धरून नेले. रात्रभर कोंडले आणि सकाळी सोडून दिले. त्या रात्री अप्पांच्या काळजाचे पाणी झाले, असे पेठेचे मत होते. पोरेसोरे त्यांना 'मार्शल लॉ' म्हणू लागली. अप्पा त्या नावालाही ओ द्यायचे.

पुढच्या उन्हाळ्यात गावात एक विलायती मुका चित्रपट आला. कुठल्याशा दूरच्या देशात एक सेनापती राजवाडा बळकावतो, सभा बंद करतो, वर्तमानपत्रे बंद करतो आणि अंधार पडल्यावर रस्त्यात दिसेल त्याला गोळी घालण्याचा हुकूम काढतो. एक छापखानेवाला त्याच्या तुरुंगातून पळतो. मागे हेर, पुढे नदी, नदीवर पूल आणि पलीकडे खिडकीत दिवा लावून बसलेली त्याची बायको. सेन्सॉरने चित्रपट पास केला, कारण त्यातला देश आपला नव्हता. सोलापूरकरांनी गर्दी केली, कारण त्यांना तो आपलाच वाटला. पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट समजावून सांगणारा माणूस सेनापतीला मराठीत शिव्या द्यायचा, छापखानेवाल्यासाठी तेलुगूत रडायचा, आणि इन्स्पेक्टर खेळाला आले असले की दोन्ही भाषांत सेनापतीच्या शिस्तीची तारीफ करायचा.

अप्पांना या चित्रपटाने वेड लावले. पण दुपारी थिएटरच्या तापलेल्या पत्र्याखाली बसवत नसे, म्हणून खेळ ऊन उतरल्यावर सुरू व्हायचा आणि अंधार पडल्यावर संपायचा. छापखानेवाल्याने पुलावर पाय ठेवायला आणि मिलचा भोंगा व्हायला रोज एकच गाठ पडायची. दाराजवळ बसलेले अप्पा त्याला पुलावर सोडून घरी पळायचे, आणि सकाळी शेजारच्या करीमचाचा शिंप्याला विचारायचे, "पोचला का रं?"

चाचा एक दिवस सांगायचे, "मर गया ना अप्पा, पुल के बीच में!" दुसऱ्या दिवशी सांगायचे, "पोंच गया, बिर्याणी खाया!"

अप्पा खरोखर चिडायचे. "चेष्टा नगं करू! तितं बाई वाट बघतीया!"

परीक्षेचे पेपर तपासून मी मोकळा झालो, तो चित्रपटाचा शेवटचा दिवस होता. मी अप्पांबरोबर गेलो. छापखानेवाला पुलाशी आला आणि भोंगा झाला. अप्पा उठले, बसले, पुन्हा उठले. मी त्यांचा सोगा धरला. "बसा, अप्पा. आज नाही तर कधीच नाही."

त्यांनी माझा हात बाजूला केला. "सोडा, मास्तर. तुमी बगा आन् मला येऊन सांगा. तुमी खोटं सांगनार न्हाई."

"चालला मार्शल लॉ!" मागून कोणी तरी ओरडले. सगळे थिएटर हसले. अप्पा वाकून, गर्दीतून वाट काढत बाहेर पडले.

छापखानेवाला पुलाच्या मध्यावर गोळी लागून पडला. खिडकीतला दिवा तसाच जळत राहिला, आणि चित्रपट संपला.

मी थेट अप्पांच्या घरी गेलो. दार अर्धवट उघडे होते. उंबऱ्याच्या आत अक्का बसल्या होत्या. पेठेत त्या फारशा कोणाला दिसत नसत. दोन्ही हातांत त्यांनी चिमणी धरली होती आणि हात कापत असल्यामुळे ज्योत भिंतीभर नाचत होती. त्यांच्यापुढे अप्पा टोपी आडवी घालून, ओठांवर दोन बोटांच्या मिशा धरून, सेनापती होऊन चालत होते.

"आन् मग आपला मानूस पुलावर आला."

"फुडं?" अक्का म्हणाल्या. "रोज पुलावर आनून सोडताय. घरी पोचला का त्यो?"

अप्पांनी मला पाहिले. "हे बग, मास्तर आले. त्येंनी डोळ्यानं बगितलंय. इचार त्येंनाच."

अक्कांनी चिमणी वर करून माझ्याकडे पाहिले.

"पोचला, अक्का," मी म्हणालो. "दिवा जळत होता तोवर पोचला."

"जेवला?"

"पोटभर जेवला."

हळूहळू भिंतीवरची ज्योत स्थिर झाली. अक्कांनी चिमणी कोनाड्यात ठेवली. "मग चला, तुमीबी जेवा," अप्पांना म्हणाल्या आणि आत गेल्या.

अप्पा पायरीपर्यंत माझ्याबरोबर आले. "मेला न्हवं?" त्यांनी हळूच विचारले.

मी होकाराची मान हलवली.

"बरं सांगितलंत तुमी." त्यांनी मागचे दार ओढून घेतले. "मला धरून न्हेलं त्या रातीला ती अशीच बसून हुती. तवापासनं अंधार पडला आन् मी दिसलो न्हाई की तिचं हात थिर ऱ्हात न्हाईत."

"मग पेठेला हे सांगत का नाही? तुम्हाला भित्रा म्हणतात, अप्पा."

"म्हनू द्या की. मी भित्रा न्हाई कळलं, तर तिला येडी म्हनतील."

तेवढ्यात चित्रपट पाहून करीमचाचा गल्लीत शिरले. अप्पांनी डोक्यावरची टोपी झटकन काढून खिशात कोंबली आणि साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मास्तर, घरी जावा! अंधार पडलाय! हुकूम म्हंजे हुकूम!" आणि दार लावून आतून कडी घातली.

करीमचाचा पोट धरून हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो.