स्वस्त ठरण्याची पात्रता

महाल भागात रुपरावांचं सतरंज्यांचं दुकान होतं. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी दारावर पाटी लावली : 'येथे सतरंज्या स्वस्त मिळतात.' सतरंज्या खरोखरच स्वस्त होत्या, आणि घोळ तिथंच झाला. गिऱ्हाईक यायचं, सतरंजी चिमटीत धरायचं, भाव ऐकून "इतकी स्वस्त? मंग काही खरं नाही," म्हणत निघून जायचं.

त्यात एक दिवस पुरवठा कचेरीचे निरीक्षक गोपाळराव आले. त्यांनी पाटी गंभीरपणे वाचली.

"'स्वस्त' हा शब्द वापरण्यास आपण पात्र आहात काय?"

"साहेब, अख्ख्या बाजारात माहा भाव कमी आहे. आणखी काय पाहिजे?"

"भावाचा इथे संबंध येत नाही. स्वस्त धान्याचं दुकान पाहिलंय ना? तिथं रांग असते. दुकान बहुधा बंद असतं, उघडलंच तर माल संपलेला असतो. तुमच्याकडे मात्र मागितली की सतरंजी मिळते! याला स्वस्त म्हणणं ही जनतेची दिशाभूल आहे. आठवड्यात पात्रता सिद्ध करा, अन्यथा परवाना रद्द."

रुपरावांचं घर त्याच दुकानावर चालत होतं. रात्री त्यांना जेवण जाईना.

"मंग ठेवा ना दुकान बंद," त्यांची बायको कांताबाई वैतागून म्हणाली. "तसंही कोण घेऊन राहिलं?"

सकाळी रुपराव फळ्या लावून आतच बसले. थोड्या वेळानं बाहेर कोणीतरी थांबलं. "काहून बंद आहे गा दुकान?" त्याच्यामागे दुसरा उभा राहिला. दुपारपर्यंत रांग पानठेल्याच्या पुढं गेली. रुपरावांनी भीतभीत एक फळी काढली आणि म्हणाले, "माल संपला."

रांगेला धन्य वाटलं. "पाहा! स्वस्तच असन, म्हणून तर संपला!"

दुसऱ्या दिवशी रांग वळून मागच्या गल्लीत शिरली. घाबरून रुपरावांनी कुटुंबामागे एकच सतरंजी द्यायला सुरुवात केली आणि भाव दुप्पट केला, म्हणजे निदान गर्दी हटेल. भाव कोणीच विचारला नाही. जो तो रेशनकार्ड आणायला घरी पळाला.

गोपाळराव तपासणीला आले, ते रांगेत चेंगरून, घामाघूम होऊन. स्वतःसाठी एक सतरंजी काखेत मारून त्यांनी पात्रतेचा दाखला दिला.

रुपराव प्रामाणिक माणूस. "पण साहेब, भाव आता दुप्पट आहे," ते म्हणाले.

"असं? मग मला आणखी एक द्या. उद्या तिप्पट कराल."

हसताय? हसा. मी रांगेत तुमच्याच मागे होतो. मला कोपर मारून पुढं कोण घुसलं, तेही मी पाहिलं. आता तुमच्या बैठकीत ती सतरंजी अंथरलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला तुम्ही सांगता, "मोठ्या मुश्किलीनं मिळाली हो, फार स्वस्त पडली." केवढ्याला पडली, ते मात्र घरीसुद्धा सांगितलेलं नाही.