लाल नकाशातला रस्ता

सरपंच मारुतरावांच्या सुनेने ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचे वीस वर्षांनंतरचे तीन नकाशे लावले, तेव्हा सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्यातला खरा कुठला?"

"एकही नाही, आबा. तिन्ही होऊ शकतात. आधी पुढचं बघायचं, मग आजचा आराखडा ठरवायचा."

"म्हंजी पोपटवाल्यागत?"

"पोपट एकच चिठ्ठी काढतो. मी तिन्ही दाखवते."

तेजश्री पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेली. रांजणगावच्या एमआयडीसीकडची धूळ गावच्या शाळेत येई, आणि तिची मुलगी सायली तिथेच पहिलीत होती. म्हणून हिरव्या नकाशात तिने शाळेमागच्या बांधांवर झाडांची रुंद पट्टी काढली होती. ती ग्रामसभेत मंजूर व्हावी, एवढंच तिला हवं होतं. पण मागच्या सभेत शाळेमागे कांदा लावणाऱ्या खंडूआप्पांनी एका वाक्यात निकाल लावला होता, "सावलीत कांदा पोसत न्हाई." आता हातावर हात ठेवून बसलो तर काय होईल, हे दाखवायला तिने लाल नकाशात त्याच पट्टीवरून ट्रकांचा रस्ता नेला होता.

आप्पांनी नेमका लाल नकाशाचा फोटो काढला. 'केवळ शक्यता' हे शब्द कोपऱ्यात होते. तिथे आप्पांचं बोट आलं. फोटो गावच्या ग्रुपवरून दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या पाहुण्यांपर्यंत गेला, आणि फिरून परत आला तोवर रस्ता चौपदरी झाला होता.

रस्त्यात जमीन गेली तर फळझाडांची भरपाई वेगळी मिळते, हे ह्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. सकाळी शाळेमागे जिकडेतिकडे खड्डे. शिरूरच्या नर्सरीतला आंबा संपला, तसे दौंडहून टेम्पो भरून चिंच, पेरू, नारळ आले.

तेजश्री धावत बांधावर गेली. "आप्पा, रस्ता नाहीये!"

"हळू बोल, सूनबाई. सरपंचाच्या घरातली गोष्ट, चारचौघांत कशाला?"

"अहो, खरंच नाही!"

आप्पा गड्याकडे वळले. "न्हाई म्हणतीय. म्हंजी पक्का हाय. झाडांची अजून एक वळ धर."

शेवटी मारुतरावांनी फलकावर लेखी खुलासा लावला, 'रस्त्याची कोणतीही योजना नाही', खाली सही आणि शिक्का. ज्यांना अजून शंका होती, त्यांनीही त्याच दुपारी रोपं आणली. तेजश्री घरी आली, तर सासूबाईंचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"आई, तुम्हीसुद्धा?"

"तुझ्यावर इस्वास व्हता गं," पुतळाबाई म्हणाल्या. "पर शिक्का बघितला आन् ऱ्हावलं न्हाई."

उन्हाळाभर गावाने त्या झाडांना टँकरने पाणी घातलं. मग ग्रामसभेला तालुक्याचे साहेब आले आणि रस्ता कागदावरसुद्धा नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सभा गार पडली. मारुतराव खुर्चीत खाली सरकले.

तेजश्रीने हिरवा नकाशा वर धरला. "झाडं नकोच असतील, तर उपटा आणि कांदा लावा. ठेवायची असतील, तर ही पट्टी मंजूर करा. कुंपण आणि ठिबक पंचायत देईल."

आप्पा ताडकन उठले. "उपटा? पोरावाणी वाढवल्यात! आन् सायेब, लिवून घ्या. उद्या खरंच रस्ता आला, तरी आमच्या झाडांतनं न्यायचा न्हाई!"

पट्टी एकमताने मंजूर झाली. सगळ्यात आधी आप्पांचा हात वर होता.

साहेबांनी नकाशा निरखला. "एवढा लोकसहभाग कसा काय मिळवलात, मॅडम?"

ती काही बोलायच्या आतच मारुतराव ताठ बसले. "आमच्या सूनबाईला पुढचं दिसतं," ते मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. तेजश्रीला यातलं काहीच आधी दिसलं नव्हतं; तरीही तिची मान ताठ झाली.

घरी जाताना पुतळाबाईंनी तिला कोपराने ढोसलं. "आता ओढ्याकडनं रेल्वे काढ. शेततळ्याची पण भरपाई देत्यात म्हणं. पाण्याचं काम उरकून जाईल."

"आई, खोटं नकाशात काढत नाहीत."

"खोटं कुठं? तूच म्हणतीस न्हवं, काय बी होऊ शकतंय?"