येव दे, येव दे!

बुरोंडीच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आज विमान उतरायचं होतं आणि दत्ताराम पाष्ट्याला सकाळपासून घास गिळवत नव्हता. कारण ते विमान खाली आणायचं काम त्याचंच होतं. मुंबईची गिरणी संपात बुडाली, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं तो या नव्या धावपट्टीवर हंगामी बिनतारीवाला म्हणून चिकटला होता. आजच्या विमानातून धावपट्टीचे मुख्य, खुद्द सबनीस साहेब येत होते. त्यांच्या मनात आलं तर दत्ताराम कायम, म्हणजे गावात, घरात, बायकोपाशी. नाही आलं, तर पुन्हा मुंबई आणि चाळीतल्या गाळ्यातली वळकटी.

कंट्रोल टॉवर म्हणजे गोदामाच्या माथ्यावरची पत्र्याची खोली. वर जायला शिडी. यंत्राचा नियम सोपा होता: बोलताना माइकचं बटण दाबायचं, ऐकताना सोडायचं. शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस असल्यानं सगळा सडा धुरानं भरला होता.

"धावपट्टी दिसत नाय," वरून कॅप्टन वाडियांचा आवाज आला. "काय करू?"

"घाबरू नका साहेब. मी सांगतो तसे या!"

एवढं ऐटीत बोलून दत्तारामनं माइक टेबलावर ठेवला. खाऱ्या हवेनं बटण दाबलेलंच चिकटून राहिलं, हे त्याच्या गावीही नव्हतं. आता खोलीतला प्रत्येक शब्द वर जात होता आणि वरचा एकही खाली येत नव्हता.

तेवढ्यात खाली धाकूचा ट्रक येऊन उभा राहिला. परतीच्या विमानानं आंब्याच्या पेट्या जायच्या होत्या आणि ट्रक गोदामाच्या दाराला लावायचा होता.

"दतूभाव, मागं बगा जरा!" धाकू ओरडला.

दत्तारामनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "येव दे, येव दे, येव दे... उजव्या हाताला मार! आजून मार! फुल्ल मार!"

धाकूनं मारलं. आकाशात कॅप्टन वाडियांनीही मारलं.

"आरं थांब, थांब! भिंतीवर घालतंस काय?"

ट्रक थांबला. विमानाला थांबता येईना, म्हणून ते घाबरून नाक वर करून उसळलं.

"पुढं काढ! लांब ने नि मग परत घे!"

ट्रक पुढं गेला. विमान तर फारच पुढं गेलं. धाकू खिडकीतून मान काढून वर बघत म्हणाला, "दतूभाव, ता इमान अरबस्तानात चालला काय?"

दत्तारामनं वर पाहिलं. सबनीस साहेबांसकट विमान समुद्रावर लांब लांब चाललं होतं. त्यानं मागे वळून यंत्राकडे पाहिलं. बोलणं चालू असल्याचा तांबडा दिवा लखलखत होता. त्यानं बटण उपसलं, ठोकलं, दातानं ओढलं, ते हलेना. आता निदान नीट काही सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर दातखीळ बसलेली! समोर नोकरी समुद्रावर घिरट्या घालत होती आणि त्याला हूं की चूं करता येईना.

अशा वेळी शिडी चढून त्याची बायको मालन वर आली. तिनं खाली सावलीत कधीचं पान वाढून ठेवलं होतं.

"अवो, कवाधरनं हाका मारतंय! कान फुटलं काय?"

दत्तारामनं माइककडे बोट दाखवलं, हात जोडले, डोळे वटारले.

"ही काय सोंगा? गपगुमान खाली या! समुद्राच्या अंगानं या, हिकडं धूर हाय. वाऱ्याला तोंड करा, म्हंजे डोळ्यांत जायाचा नाय. सरळ या, हिकडं तिकडं बगू नका. नि दमानं उतरा, धाडकन टेकाल नि हाडा मोडून घ्याल!"

समुद्रावरचं विमान वळलं. वाऱ्याला तोंड करून, धुराच्या कडेनं, अगदी सरळ आलं आणि दमानं उतरलं.

दत्ताराम शिडी उतरून विमानाकडे धावला. कॅप्टन वाडियांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "थांब बोलणारा कोण होता? अरे बाबा, विमान हवेत थांबवू कसा?"

"मी," दत्ताराम पुटपुटला.

"आणि त्या बाई?" सबनीस साहेबांनी घाम पुसत विचारलं.

"माजी बायको, साहेब."

साहेबांनी घामाचा रुमाल नीट घडी करून खिशात घातला. दत्तारामला मुंबईचा गाळा दिसायला लागला.

"तुम्ही आजपासून कायम," साहेब म्हणाले. दत्तारामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्हांला घालवलं तर बाईही जातील. ते परवडायचं नाही."

असा दत्ताराम कायम झाला. पण तेव्हापासून विमान आलं की वरून पहिला प्रश्न येतो, "बाई आहेत का?" नसल्या तर विमान समुद्रावर फिरत राहतं आणि दत्ताराम सडा उतरून धापा टाकत घरी पळतो.

"अगो, चल लवकर! इमान टांगून राहिलाय!"

मालन चुलीपुढून मानही वर करत नाही.

"राव दे टांगून," ती म्हणते. "आदी भात उतरवतंय, मग इमान!"