बेबीताईंना ताप येत नाही

बेबीताई आजारी पडत नाहीत. त्यांना जे काही होतं, त्याला दुसरंच कुणीतरी जबाबदार असतं. शिंका आल्या तर शेजारच्या पॉवरलूमची रुई. खोकला आला तर काल्हेरच्या गोदामांवरच्या ट्रकांचा धूर. कंबर धरली तर अंजूरहून त्यांना आणणारा रिक्षावाला, "मेला खड्डा बघूनच रिक्षा घालतो." एकदा डोळे लालभडक होऊन चिकटले होते. म्हणाल्या, "रात्री सिरीयल बघून लय रडले, वैनी." त्यांच्या घरी टीव्ही नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

बेबी हे नाव पाळण्यात ठेवलं आणि पुढे बदलायचं राहून गेलं. आता वय पंचावन्नच्या पुढे. घरोघरी आजाऱ्यांसाठी बाया पुरवणाऱ्या एका ब्यूरोतर्फे सकाळी आठ ते संध्याकाळी आठ त्या माझ्या सासऱ्यांना सांभाळायला येतात. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अण्णांची उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-सहा शब्दांवर आलं. बेबीताईंना ते पुरतात. उरलेले शब्द त्या स्वतः घालतात.

मी याद्या करणारी बाई आहे. अण्णांच्या पलंगाशी मी पहिल्याच दिवशी वही बांधली: वेळ, ताप, बीपी, जेवण, पोट. नियम एकच सांगितला, मोजलं की लिहायचं. बेबीताईंनी तो असा मनावर घेतला की खिचडीचे तांदूळ मोजले तरी वहीत नोंद. एका रविवारी मी पाहिलं तर बीपीच्या खाली लिहिलेलं: "खिडकीतून ट्रक २१. अण्णा खूश."

गेल्या एप्रिलमध्ये मी भाजी घेऊन आले, सवयीने वही पाहिली आणि पिशवी हातातून सुटली. अकराच्या ओळीत ताप १०२.४.

मी यादीप्रमाणे कामाला लागले. डॉक्टरांना फोन, पातेल्यात पाणी, अण्णांच्या कपाळावर ओली पट्टी. अण्णांनी डाव्या हाताने पट्टी भिरकावली. "नाय! नाय!" मी दुसरी ठेवली. तीही भिंतीवर गेली. शेवटी थर्मामीटर लावला. ९८. झटकून पुन्हा लावला. ९८.

"तो ताप अण्णांचा न्हाय," मागून आवाज आला. दारात बेबीताई. भर उन्हाळ्यात अंगाभोवती शाल, दात वाजतायत. "माजा हाय."

"मग वहीत कशाला लिहिलात?"

"मोजलं का लिवायचं, तुमीच बोललाव ना!"

हसावं की ओरडावं, मला कळेना. "सकाळीच सांगायचं की मला!"

"सांगून? तुमी घरी धाडलं असतं. ब्यूरोनं बदली धाडली असती."

मग त्या खाली बसल्या. चार वर्षांत ड्युटीवर बसलेल्या मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या ब्यूरोत आजारपणाचा एक दिवसही पगारी नाही. घरी राहिलात की त्या दिवसाचे पैसे गेले, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या जागी बदली बाई. ती घरच्यांना आवडली तर जागाही गेली. आमच्या आधी पडघ्याला त्यांनी एका आजीला सहा वर्षं सांभाळलं होतं. चिकनगुनिया झाला, दहा दिवस उठता आलं नाही. "बरी होऊन गेले, तं आजीच्या घरचे दारातनंच बोलले, आता माणूस हाय आमच्याकडं. आजी आतून बेबी, बेबी करत व्हती. मला आत घेतलं न्हाय."

गॅसचा दुसरा सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, जादा किल्ली, सगळ्याची सोय माझ्या यादीत होती. बेबीताई आजारी पडल्या तर काय, ही ओळ मात्र चार वर्षांत मला सुचली नव्हती. पगार ब्यूरो देतो, म्हणून मी तो विषयच सोडून दिला होता.

मी ब्यूरोवाल्याला फोन लावला.

"मॅडम, बीमारी का पैसा कोई नहीं देता. मस्त बदली भेजता हूं, जवान है. पसंद आयी तो परमनंट रख लो."

"बदली पाचच दिवस. त्या दिवसांचा बेबीताईंचा पगार मी देणार. सहाव्या दिवशी दारात बेबीताई हव्यात. हे मला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा."

"लिखके क्यों, मॅडम? भरोसा नहीं?"

"नाही."

दहा मिनिटांत मेसेज आला. बेबीताईंनी तो दोनदा वाचून घेतला आणि मग माझ्याशीच भांडायला लागल्या. "घरी झोपायचा पगार? ह्यो आजाराला आवतन देयाचा धंदा हाय. मी रविवारी भरून काढन." मी त्यांना रिक्षात बसवलं. डॉक्टरांना विचारून आणलेल्या गोळ्यांची पाकिटं मांडीवर ठेवली, वेळा लिहून दिल्या.

पाच दिवसांची सुट्टी त्यांनी फोनवर घालवली. रोज दुपारी एकला नव्या बाईची हजेरी. "वरण पातल केलंय ना? डाव्या बाजूनं भरव. घाई न्हाय करायची, गिललं का बघ." ती पोर बिचारी फोनसमोरही उभी राहून उत्तरं द्यायची.

तिसऱ्या दिवशी ही हजेरी संपली, तेव्हा अण्णांनी डावा हात पुढे केला. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी बराच वेळ ओठ जुळवले. घाम आला.

"बेबी," ते म्हणाले. "गोळी... घेत...लीस?"

मी स्पीकर लावला.

"न्हाय," बेबीताई हळूच म्हणाल्या. "ध्यानातच न्हाय ऱ्हायलं. इथं कोन हाय इचारायला." मग घाईने, "घेते. आता घेते. तुमी फोन ठेवू नका."

पाकीट फाडल्याचा आवाज आला, मग माठावरचं झाकण. अण्णा फोन घट्ट धरून ऐकत होते, आणि त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, गप्प राहा.