कुजबुजीचं मास्टरिंग

दाजींनी ठरवलं, बायकोच्या गाण्यावर शेवटचा हात, म्हणजे मास्टरिंगचा, आपणच फिरवायचा. (ठरवणं हा दाजींचा जुना रोग. उतार पडला की निवांत पेपर वाचतात. मेहुणा त्यांना दाजी म्हणतो, म्हणून आपणही दाजी म्हणू, आणि त्यांच्या बायकोला ताई.)

ताईंच्या गाण्याच्या क्लासात मुख्य गायिका निवडायची होती. प्रत्येकीनं घरी गाणं रेकॉर्ड करून द्यायचं आणि मास्तरीणबाई ते नाव न सांगता सगळ्यांसमोर लावणार. ताईंचा जन्म कोरसच्या मागच्या रांगेत गेला होता. या खेपेला पुढे यायचंच, असा त्यांनी हिय्या केला.

मेहुणा साउंडवाला. फाइल माझ्याकडे द्या म्हणाला. माझ्या बायकोचा आवाज परक्याच्या हाती देणार नाही, म्हणाले दाजी. (परका म्हणजे तिचा सख्खा भाऊ.) त्यानं तरीही समजावलं, की कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, मग सगळंच वर उचललं की बारीकसारीकही वर येतं. लिमिटर म्हणजे छत, त्यापलीकडे आवाज जात नाही. दोन्ही थोडं थोडंच लावा.

"थोडं थोडं तुझ्या घरी," दाजी म्हणाले.

त्यांनी कंप्युटरवर आवाज घासूनपुसून देणारे फुकटातले ढीगभर प्लगइन उतरवले आणि ज्याचं बटण सर्वांत मोठं तो कॉम्प्रेसर निवडला. (कलिंगडही ते असंच निवडतात.) बटण पार शेवटपर्यंत पिळलं. वर लिमिटर चढवला, त्याच्यावर भरवशासाठी आणखी एक. पडद्यावर गाण्याचे चढउतार जाऊन सपाट वीट झाली. दाजींनी सुरुवात तेवढी ऐकली, मान डोलावली आणि फाइल धाडून दिली.

क्लासात गाणं लागलं. दाजी आणि मेहुणाही ऐकायला येऊन बसले होते. आवाज दणदणीत. ताईंचा श्वास, खुर्चीची कुरकुर, नळाची टिपटिप, सगळे गाण्याच्या खांद्याला खांदा लावून. मग दोन कडव्यांमधली शांतता आली, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी स्वयंपाकघरातून मित्राला फोनवर कुजबुजलेले दाजी तितक्याच दणक्यात गरजले, "हिचा गळा म्हणजे कुकर रे. पण सांगतो कोण? मला याच घरात जेवायचंय."

दाजींचा आवाज ओळखून सगळ्या माना ताईंकडे वळल्या. गाणं कुणाचं ते कळलं, नियमानं बाद, असं मास्तरीणबाई म्हणाल्या.

दाजी ताडकन उठले. "बाद कसं? गाणं तिचं, बडबड माझी. बाद करायचं तर मला करा."

"तुम्हाला कधीच केलंय. खाली बसा," ताई म्हणाल्या आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, गळा कुणाचा ते कळलंच आहे. आता समोरच ऐका. नको म्हणालात तरी गाणार आहे."

आणि गायल्या. जिथं हळू तिथं हळू, जिथं चढायचं तिथं छत फोडून. वरचा सूर त्यांनी थेट दाजींवर नेम धरून लावला आणि दाजींची मान खाली जाईपर्यंत सोडला नाही. मुख्य गायिकेची जागा त्यांनाच मिळाली.

बाहेर पडताना दाजींची छाती पुन्हा वर. "कबूल कर," ते मेहुण्याला म्हणाले, "मास्टरिंग जमलं होतं."

"कबूल, दाजी. शब्द अन् शब्द कळला."

घरी आल्यावर दाजींनी जेवणाचं विचारलं. कुकर गाऊन दमलाय, एवढं सांगून ताई रियाजाला बसल्या. दाजींनी मेहुण्याला फोन लावला. (या वेळी गच्चीवर जाऊन.) तुझ्याकडे जेवायला येऊ का, असं विचारलं.

"या की," मेहुणा म्हणाला. "पण थोडं थोडंच."